किल्लेवालीची बहीण

ब्रिन-ग्लास,
४ मार्च १९८३

चि. मायनिर हिस, डिलिसताईचे अ. आ. वि. वि.

काल बाजारात जो तो मला विचारत होता, किल्लेवालीची बहीण ती मीच का म्हणून. वर्तमानपत्रात तुझा फोटो काय, नवी टोपी घालून तुझ्या शेतातल्या टेकाडावर उभी काय! किल्ल्यासाठी ती माती रचली आठ-नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन सरदाराने. तू त्यावर एक घमेलंही टाकलेलं नाहीस. आमच्या शेतातही अस्संच टेकाड होतं, तुझ्या टेकाडापेक्षा उंच. आमच्या लग्नाच्या वर्षी एम्रिसने यंत्र लावून ते सपाट केलं, तेव्हा कुणी सरकारी पाटी घेऊन धावत आलं नाही. आता तिथे नुसतं गवत. माझा फोटो कोण काढणार?

असो. यंदा कोकरं कशी आहेत ते कळव. तुझ्या मोठेपणातून वेळ मिळाला तर लोभ ठेव.

तुझी,
डिलिसताई


काए-हिर,
११ मार्च

ती. डिलिसताईस, मायनिरचा सा. न. वि. वि.

कोकरं ठीक आहेत. मी नाही.

ताई, हे टेकाड तूच घेऊन जा. कुंपणाचा खांब रोवायचा तरी परवानगी लागते. टेकाड, त्याभोवतीचा चर, पुढचं सपाट आवार, सगळं संरक्षित. आणि आमच्या शेतात कोरडी जागा तेवढीच. गेथिनने तिथे घर बांधायचा अर्ज केला. पुरातत्त्व खात्याचे साहेब आले, दोन तुकडे केक खाल्ला आणि नाही म्हणून गेले. आता गेथिन सांगतो, मावशीने तिची ती सपाट केलेली जागा देऊ केलीय. माझ्याशी भांडून सुनेला घेऊन तो तुझ्याकडे निघून आला. मला एका शब्दाने विचारलं नाहीस! तुला मूल नाही, म्हणून माझा एकुलता एक घ्यायचा? त्याला नाही म्हण. धाकटी बहीण मागते आहे.

लोभ असेल तर एवढं कर.

तुझी,
मायनिर


ब्रिन-ग्लास,
२ एप्रिल

चि. मायनिर हिस, अ. आ.

नाही म्हणणार नाही. पाया खणून झालाय. दोघं माझ्याकडेच जेवतात. माझं सूप तुझ्यापेक्षा चांगलं, असं गेथिन म्हणाला नाही. पण दोनदा मागून घेतलं. तुझ्याकडे माणसं येतात, बघतात, निघून जातात. मला राहणारी हवी होती.

आणखी एक. तुझ्या सुनेला, नॉनला, दिवस गेलेत. गेथिनने तुझ्याशी अबोला धरलाय, म्हणून तुला लगेच कळवायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. मी कळवलं नाही. आजी तू होणार. थोडे दिवस तरी ही बातमी माझ्या एकटीची असावी, असं वाटलं.

रविवारी जेवायला ये. रागावूनच ये, पण ये.

तुझी,
डिलिसताई