डोळ्यांतले ठिपके

प्रिय फोटोवाल्या,

पत्र बघून आधी हसून घे. बावीस वर्षांच्या संसारात मी तुला सामानाच्या याद्या आणि ‘दूध उतू जाईल, गॅसकडे बघ’ असल्या चिठ्ठ्या सोडून काही लिहिलेलं नाही. इथे फोन लागतो, पण पाण्याच्या टाकीवर चढून उभं राहिलं तरच, आणि टाकीवर उभं राहून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे. आत्ता दुपारचा एक वाजलाय. लांब्याने सगळ्यांना सक्तीने झोपवलंय, कारण ‘डोक्यावरच्या उन्हात चेहऱ्याचं वाटोळं होतं’ हे तुझं वाक्य तो रोज तुझ्याच आवाजात ऐकवतो. तुझा सगळ्यात जुना शिष्य म्हणून तुझ्या जागी म्होरक्या झालाय खरा, पण खाकरतोसुद्धा तुझ्यासारखाच. मला त्याचं हसू येतं आणि तुझी आठवणही येते, दोन्ही एकदम.

पाय कसा आहे? प्लास्टरमध्ये पट्टी घालून खाजवू नकोस, मागच्या वेळी अर्धी आत मोडली होती. वन्संना म्हणावं, तुझं सगळं ऐकायची गरज नाही. तू आजारी असलास की गरीब चेहरा करून दिवसातून सहा वेळा चहा उकळतोस.

तुझ्या दरवर्षीच्या फोटो-दौऱ्याची वरात बरी चालली आहे. आम्ही नऊ शिकाऊ, दोन गाड्या आणि सगळीकडे वाळू. कानात, टूथब्रशवर, लेन्सच्या टोपणात, कुठेही. एक दातांचे डॉक्टर आहेत, ते समोर बसलेल्या माणसाचे डोळे सोडून दातच टिपतात. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ‘सरळ बसा, हलू नका’ म्हणून असा दम भरतात की त्यांच्या प्रत्येक फोटोतला माणूस गुन्हेगार दिसतो. आणि मी. जन्मभर स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे चेहरे पडद्यावर साफ केले, पण जिवंत माणूस कॅमेऱ्यासमोर बसवायची पहिलीच खेप. पहिल्या दिवशी तिघांची डोकी कापली. लांब्या म्हणाला, ‘वहिनी, माणूस पूर्ण घ्या, नंतर तुम्हालाच दुरुस्त करायचाय.’

पण मी शिकायला आलेच नव्हते रे. तुझा पाय मोडला, जागा रिकामी झाली आणि मी यादीत माझं नाव घातलं, तेव्हा तू किती खूश झालास! पलंगावर बसल्या बसल्या माझी बॅग भरलीस, लेन्स पुसायचे रुमाल घड्या घालून दिलेस. तुझा तो आनंद बघून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला वाटत होतं, हा माणूस एवढा निर्ढावलेला कसा? कारण मी तिला बघायला निघाले होते. पंपवालीला. आणि मला वाटत होतं ते खरं निघालं असतं, तर मी घरी परतणार नव्हते. माझ्या बॅगेत तळाशी, स्वेटरखाली, माझी सगळी कागदपत्रं आहेत. कपाटात शोधायला जाऊ नकोस.

आता दचकू नकोस. दर हिवाळ्यात तू या वाळवंटातून हजार-दीड हजार चेहरे आणून माझ्यापुढे टाकतोस आणि मी महिनाभर त्यांच्यात डोकं घालून बसते. तुझी माणसं तू नावांनी ओळखतोस, मी त्यांच्या चामखिळींनी. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा ती आली. रस्त्यावरच्या डिझेल पंपाची बाई, निळ्या दारासमोर खुर्चीत बसलेली. देखणी म्हणावी तर तेही नाही. पुढचा दात किंचित तुटलेला, कपाळ उन्हाने रापलेलं, भुवया दाट. देखणी असती तर मी एवढी जळलेच नसते, ‘असेल एखादी’ म्हणून पुढचा फोटो उघडला असता. पण तिचं बघणं! लोक कॅमेऱ्यात बघतात तेव्हा परीक्षेला बसल्यासारखे दिसतात. ती कॅमेऱ्यात बघतच नव्हती. ती त्याच्या जरा बाजूला बघत होती. आणि तू फोटो काढताना कॅमेऱ्यामागे लपत नाहीस, वायरचं बटण हातात घेऊन बाजूला उभा राहतोस, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? ती तुझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, फक्त सगळा चेहरा सैल सोडून, समोरचं माणूस आपलंच आहे अशा खात्रीने बघत होती. तसं मी तुझ्याकडे कधी बघितलं असेन का, या विचाराने त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी परत ती. त्याच्या पुढच्या वर्षी परत. तेच दार, तीच खुर्ची, तेच बघणं. मी तुला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी काय केलं सांगू? तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढल्या नाहीत, उलट थोड्या गडद केल्या. तू मागे येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, ‘वा, काय छान ठेवल्यास!’ आणि तो फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावलास. जिथे माझा पासपोर्टएवढासुद्धा कधी लागला नाही, तिथे ती तीन फुटांची होऊन वर्षभर बसली. येणारं गिऱ्हाईक तिचं कौतुक करायचं आणि मी पावती फाडताना गोड हसायचे.

माझा फोटो मीच काढू दिला नाही, हे मला कबूल आहे. तू एकदा विचारलंस, मी ‘मला नको’ म्हटलं, तू पुन्हा विचारलं नाहीस. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर बसले असते. पण ते आता राहू दे.

काल सकाळी पोचलो पंपावर. तुला माहीतच आहे, पण मी पहिल्यांदा पाहिलं. दोन मशिनं, त्यातलं एक बंद. ऑइलचे रिकामे डबे ओळीने मांडलेले. उंबऱ्यापर्यंत आलेली वाळू आणि ती लोटायला दाराशी टेकवलेलं फावडं. निळा रंग फोटोत दिसतो त्यापेक्षा बराच उडालाय. ती बाहेर आली आणि मी केस सारखे केले, बघ किती मूर्खपणा. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘तुम्ही दादांच्या घरच्या ना? ते तुमचंच बोलतात. म्हणतात, आमच्या घरी चेहऱ्याचा डॉक्टर आहे.’ दादा! सहा वर्षं माझं रक्त आटलं आणि ती तुला दादा म्हणते. तरी माझं मन इतकं घाणेरडं झालेलं, की वाटलं, दादा म्हटलं म्हणून काय झालं, म्हणायला सगळे म्हणतात.

लांब्याने मुद्दाम मलाच तिचा फोटो काढायला सांगितलं. वहिनींचा मान, म्हणे. मी स्टँड लावला, खुर्ची सरकवली, तिचं तोंड सावलीकडे केलं. चेहऱ्यावर उजेड टाकायला ती चंदेरी चकती हवी होती, म्हणून लांब्याला हाक मारली, रिफ्लेक्टर धर म्हणून. तर ती खुर्चीतून उठली. म्हणाली, ‘नको. दादांचा नियम आहे, चकती घरच्या माणसानेच धरायची. परक्याने धरली की माणूस आखडतं.’ मी म्हटलं, मग घरच्यांना बोलवा. ती दाराशी टेकवलेल्या फावड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘आता कोण धरणार?’

तिचा नवरा गेला. तीन महिने झाले. ही बातमी तुला फोनवर द्यायची नव्हती. तुमची चांगली गट्टी होती, असं ती म्हणाली. रस्त्यावर येणारी वाळू ट्रॅक्टरने लोटायचा. त्या दिवशी सकाळी कामावर गेला आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की ट्रॅक्टरचा आवाज एकाच जागेवरून येतोय, पुढे सरकत नाही. ती धावत गेली, तर तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलेला, इंजिन सुरूच होतं.

मग ती आपणहून बोलत राहिली, मी स्टँडला धरून उभी. वारा असला की ती चकती पतंगासारखी ओढ घ्यायची, तो एक पाय पुढे रोवून दोन्ही हातांनी ती धरायचा आणि तोंडातल्या तोंडात तुला शिव्या द्यायचा. तू कॅमेऱ्याच्या एका बाजूला, तो दुसऱ्या. ती त्याच्याकडे बघायची. सहाही वर्षं ती त्याच्याकडेच बघत होती. सुटले म्हणून हसू की लाजेने मरू, काही कळेना.

आणि त्याच क्षणी मला ते डोळे आठवले. पडद्यावर मी ताटाएवढे करून बघितलेले. प्रत्येक बुबुळात त्या चकतीचा एक गोल उजेड असायचा आणि त्याच्या आजूबाजूला दोन काळे ठिपके. एक तू आणि तुझा स्टँड. दुसरा ठिपका उभट, एक पाय पुढे, हात वर. आपल्या धंद्यात शिकवतात ना, डोळ्यात उजेडाचा एक थेंब ठेवायचा, बाकी कचरा पुसायचा. मी पुसला. सहा वर्षं, बारा डोळे, नीट, डाग राहू न देता. हा कोण उभा आहे, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. आलं असतं तर मला या वाळवंटात यावंच लागलं नसतं.

तिला हे काही माहीत नाही. तिने एकच विचारलं. तू तिला म्हणे मागच्या हिवाळ्यात सांगितलंस, की मूळ फोटोत तिच्या डोळ्यांत तो उभा दिसतो, पुढच्या खेपेला तेवढाच भाग मोठा करून आणतो. त्याने जन्मात कधी फोटो काढू दिला नाही. कॅमेरा वळला की घाम पुसायला लागायचा. कामाच्या पासावर एक आहे, तोही ट्रॅक्टरच्या काचेला लावून उन्हाने पांढरा पडलेला, नुसते कान उरलेत. ती म्हणाली, ‘दादांनी दिलाय का तुमच्याजवळ?’ आणि मी म्हटलं, घरी आहे, पाठवते. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात फार खरखरीत आहेत.

आता ऐक. मागच्या वर्षी मूळ फोटोंची डिस्क आपोआप बिघडली नव्हती. तिचा सहावा फोटो मी साफ करून दिला, तू तो भिंतीवर टांगलास आणि त्याच दुपारी तिचे सहाही वर्षांचे मूळ फोटो मी माझ्या हातांनी पुसून टाकले. साफ केलेले तेवढे राहिले, कारण ते भिंतींवर टांगलेले होते, माझ्या हातात नव्हते. तू ती डिस्क घेऊन तीन दुकानं फिरलास. मग घरी आलास, आणि मी तुझा तो पडलेला चेहरा बघून मनात म्हटलं, हा घ्या पुरावा. तू तिला दिलेल्या शब्दासाठी कष्टी होतास, आणि मी तुला चोर ठरवत होते. मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. आणि तुला अजून एक सांगायचंय, त्यासाठीच हे पत्र आहे. मी तो ठिपका पडद्यावर परत काढू शकते. एक पाय पुढे, हात वर, उभट आकार, तासाभराचं काम. तिला कळणार नाही, लांब्याला कळणार नाही, कदाचित तुलाही नाही. कालपासून मी मनातल्या मनात ते काम चार वेळा पूर्ण केलंय, आणि दर वेळी ते फार छान झालंय. मला माझी खात्री नाही. म्हणून हे लिहून ठेवलं. चार वाजता लांब्या मंडळींना घेऊन परत निघतोय, पाकीट त्याच्या खिशात जाईल, आणि मग मला खोटं काढायची सोय राहणार नाही. मी इथेच थांबतेय. गाडी वळणापलीकडे गेली की तिच्या दाराशी जाऊन सगळं सांगणार आहे. ती काय करेल माहीत नाही. हाकलून देईल कदाचित, तिचा हक्कच आहे. तू सहा वर्षं त्याच्या शेजारी उभा होतास. तो कसा दिसायचा, नाक, हनुवटी, हसणं, शिव्या, आठवेल ते सगळं कागदावर लिही आणि तिला पाठव. तू कुणाचा चेहरा विसरत नाहीस. माझ्या हेव्याचं म्हणशील तर तो गेलेला नाही. ज्याच्याकडे तसं बघायचं, तो तिच्याजवळ उरला नाही. माझा घरी पाय वर करून बसलाय, आणि मी बावीस वर्षं पडद्याकडे बघत बसले.

तुझीच,
जळकुकडी