शंभरला टेकलेली डिस्क

सोम. २ फेब्रु.
मामाच्या फोटो स्टुडिओतलं मशीन परत अडकलं. मार्थाताईच्या लग्नाचे अडीच हजार फोटो. एक उघडेपर्यंत चहा पिऊन कप विसळून होतो. मामा म्हणतो, "दमानं घे, म्हातारं झालंय ते." दमानं! मॉनिटरला बुक्की घातली. बोटांची सालं गेली, मॉनिटर जसाच्या तसा.

सरांना, म्हणजे ताईच्या वडलांना, रविवारी फोटो पाहिजेत. त्याच रात्री ताई नवऱ्याबरोबर दुबईला. मी सांगून बसलो, शनिवारीच देतो. मामा म्हणाला, "कुनाच्या जिवावर?" काय सांगणार. ताईची धाकटी बहीण रूथ, ती बघेल या जिवावर.

दीड वर्षात रू. माझ्याशी चार वाक्यं बोलली नसेल. संगमनेरला कॉलेजात एकजण तिच्याबद्दल घाण बोलला. त्याचं नाक फोडलं. माझं कॉलेज सुटलं. तिला वाटलं असेल... नाही. तिला काहीच वाटलं नाही. "मी सांगितलं होतं का तुला?" म्हणाली.

मंगळ. ३
रू. दुकानात! अल्बमला कुठले फोटो घ्यायचे त्याची यादी द्यायला. मशीन नेमकं तिच्यासमोर अडकलं. मी माउस आपटला.

"आपटून चालतं का ते?"
"नवीन ग्राफिक्स कार्ड टाकणारे. मग बघ पळतं कसं."
"आधी टास्क मॅनेजर उघड. कुठला आकडा शंभरला टेकतोय ते बघ. जो टेकतो, तो बदलायचा."

उघडलं नाही. मामाच्या देखत मला शिकवते! तिनंच वाकून उघडलं. डिस्क शंभर टक्के. "हार्ड डिस्क जुनी आहे तुझी. फिरून फिरून दमलीय. एसएसडी टाक, तिच्यात फिरणारं काही नसतं." आणि गेली.

तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. तेवढाच दिवसभर.

ती गेल्यावर तिचे बेचाळीस फोटो पेनड्राइव्हवर घेतले. आजूबाजूचे सगळे छाटले, नवरा-नवरीसुद्धा. एकात सर रडतायत, हात रू.च्या डोक्यावर. सरांनाही कापलं. हात तेवढा कापता आला नाही, केसांत गुंतलेला.

बुध. ४
कार्ड आणायला केडगावला गेलो. दुकानदार म्हणतो, "फोटोला एवढं मोठं कार्ड कशाला भाऊ? आधी डिस्क बदला." तोही तेच! सगळ्या जगाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणलं, "तू विकायला बसलाय का शिकवायला?" त्यानं बिलावर पेनानं लिहिलं: ग्राहकाच्या आग्रहावरून. लिही म्हणलं, भिंतीवर लिही.

पंखेवालं कार्ड आहे, लाल दिवे. रू. बघेल तेव्हा...

मामा कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं पुसत होता, उद्या संगमनेरचं लग्न. "मार्थाचं सगळं मशीनमधी घेतलंय ना रे?" घेतलंय म्हणलं. पुसली.

गुरु. ५
कार्ड बसवलं. लाल दिवे लागले. पंखे फिरले. फोटो उघडायला तेवढाच वेळ. परत उघडून बघितला. तेवढाच.

थेट केडगाव. दुकानदार "बसा, बघू" म्हणत होता, मी कानाखाली ठेवून दिली. चष्मा उडाला त्याचा. मग शेजारच्या मोबाईलवाल्यानं मागून धरलं आणि दुकानदारानं मोजून दोन दिल्या. ओठ फाटला. बाहेर ढकलताना म्हणतो, "लिहून दिलं हुतं ना तुला, मर्दा!"

चुलीवर चहा सांडल्यासारखं डोकं. एसटीत बाजूची बाई उठून पुढं जाऊन बसली.

शुक्र. ६
सकाळी अकरा. मामा बाहेर. चारशे फोटो झाले, दोन हजारांवर बाकी. स्क्रीन पांढरी. थांबलो. थांबलो. तिचं वाक्य आठवत होतं, त्याचाच राग. उठून कॅबिनेटला लाथ घातली. मग दुसरी. दुसरी बरी बसली.

आतून टक. टक. टक. टक.

बंद केलं, चालू केलं. टक. टक. डिस्क दिसतच नाही. चालती डिस्क, आत फिरत होती ती. काल कार्डाऐवजी डिस्क बदलली असती तर शंभर लाथा घातल्या असत्या तरी...

भिंतीवर डोकं आपटलं. भिंतीवरचा शाळेच्या ग्रुपचा फोटो पडला, काच फुटली. पायात गेली. बरं झालं.

मामाला सांगितलं, लाईट गेली आणि डिस्क उडाली.

शनि. ७
डिस्क मांडीवर घेऊन पुण्याला. डेटा काढून देणारा माणूस. कानाला लावून ऐकली त्यानं, डॉक्टरसारखी. "चालू असताना मार बसलाय हिला." मी म्हणलं, "निघेल का?" "फोन करतो. आशेवर राहू नका."

येताना देवळालीच्या फाट्यावर सर दिसले, पिशवीत पेढे. हात केला त्यांनी. मी मान फिरवली.

रवि. ८
दुपारी रू. आली, एकटी. मामानं लाईटचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग खाली वाकली, चेपलेल्या पत्र्यावर बोट फिरवलं. माझ्या बुटाकडे बघितलं.

"लाईटचा पाय केवढा असतो रे, सागर?"

मामानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणलं, मीच मारली.

मामानं चप्पल काढली. रू. म्हणाली, "राहू द्या मामा. त्याला तेच सोपं जाईल." मग माझ्याकडे, हळू आवाजात, "पप्पा रडले होते त्यात. आयुष्यात एकदाच रडताना बघितलंय मी त्यांना."

ओरडली असती तर बरं होतं.

पेनड्राइव्ह काढून तिच्यासमोर ठेवला. एवढेच आहेत म्हणलं. मामाच्या लॅपटॉपवर लावला तिनं. एक. दोन. दहा. सगळीकडे तीच. कान तापले माझे. ती एकेक पुढं ढकलत गेली. हाताच्या फोटोपाशी थांबली.

"पप्पा कुठंयत?"
"कापले."
"का?"

उत्तर तिच्यासमोरच उघडं होतं.

पेनड्राइव्ह मुठीत घेऊन गेली.

सोम. ९
ताई काल रात्री गेली. फोटो न नेता.

केडगाववाला कार्ड परत घ्यायला तयार आहे. मामाला म्हणाला, "पोराला पाठवा. हात खिशात घालून यायला सांगा." उद्या जाणार. चष्म्याचं बोलायला. दोन्ही हात खिशात.

आत्ता रू.चा मेसेज. "पुण्याहून फोन आला का?"

नाही, असं लिहिलं. पाठवल्यावर खाली दुसरा आला. "आला की आधी मला सांग. तू एकटा ऐकू नकोस."

फोन टेबलावर पालथा ठेवला होता. सुलटा केला.