डाव्या दाराचा गंज

२८ मार्च, शनिवार

आणली एकदाची! पांढरी, अकरा वर्षांची, चंद्रपूरच्या एका गुरुजींनी वापरलेली. इंजिन बरं, टायर बरे. अंगावर मात्र देवी आल्यासारखे टिपके! बॉनेटवर सतरा ठिकाणी रंग उडालाय. डाव्या दाराच्या खालच्या काठाला वीतभर गंज.

१३ तारखेला एटापल्लीच्या पुढच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू व्हायचंय. त्या गावापर्यंत बस जात नाही. गाडी हवीच.

बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. हात लावला नाही. "त्या रोडनं तू एकटी जाशीन? मी आहो तवरी नाई." – आणि आत गेले. झालं.

२९ मार्च, रविवार

झोप नीट लागली नाही. घरात कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.

वीस वर्षं बाबांनी त्याच रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवली. आत सोळा माणसं, टपावर बकऱ्या! सहा वर्षांपूर्वी रानडुक्कर आडवं आलं, जीप उलटली. मेलं कोणी नाही. जीपमध्ये बसलेल्या गावातल्या पत्रूकाकाचा हात मोडला, तो अजून वाकडा आहे. आठवड्याच्या आत बाबांनी जीप विकली. तेव्हापासून स्टिअरिंग धरलं नाही. गोंडपिपरीच्या बाजारालासुद्धा सायकलवर जातात. पत्रूकाका दिसला की रस्ता बदलतात.

१ एप्रिल, बुधवार

दिवसभर गंज घासला. आधी जाड सँडपेपर, मग बारीक. बोटांची सालटी निघाली, पण चकचकीत पत्रा दिसला आणि बरं वाटलं.

बाबा ओसरीवर. आठ वेळा उठले, आठ वेळा बसले. शेवटी राहवलं नाही – "काऊन वं, खालची भोकं मोकळी केली का?"

कसली भोकं?

"दाराच्या खाली असते. पाणी निथरायले. माती बसली म्हणून तर गंज चढला. नाई तं दिवाळीले पुन्हा घासशीन."

वाकून पाहिलं – खरंच! तिन्ही भोकं बुजलेली. झाडूची काडी घालून मोकळी केली. बाबा लांबूनच बघत होते. "अजून डावीकडं... अजून..." पण जवळ नाही आले.

२ एप्रिल, गुरुवार

प्राइमर लावला. दम कुठला? अर्ध्या तासात वरून रंग मारला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! सगळा रंग सुरकुतला. सगळं पुन्हा घासायचं.

४ एप्रिल, शनिवार

गोंडपिपरीला नूरुद्दीनचाचांकडे गेले. ते गाड्या रंगवतात. मी म्हटलं, पांढरा द्या. हसले. "बेटी, सफेद क्या एक ही होता है? तेरी गाडी ग्यारह साल धूप में खडी है." पेट्रोलच्या झाकणावरून रंग जुळवला, त्यात पिवळ्याचा एक थेंब टाकला. मग बाबांची चौकशी केली, "धनराजभाऊ कैसे हैं? पूरे रोड पे उनके जैसा हाथ नहीं था."

घरी सांगितलं. बाबा जेवता जेवता थांबले.

६ एप्रिल, सोमवार

आज मी रडणार होते, हसले.

सकाळी बॉनेटचे सतराही टिपके भरले. वाळायला गाडी उन्हात ठेवून आंघोळीला गेले. बाहेर येते तर बॉनेटवर मोहफुलं! टोपलंभर, छान पसरलेली! आईने पहाटे वेचून आणलेली.

"आई!!"

"मले का मालूम वं? पत्रा मस्त तापून होता. दोन घंट्यात अर्धी सुकली असती."

दोष तरी कुणाला देऊ? या दिवसांत आमच्याकडे सपाट आणि तापलेलं काही मोकळं राहतच नाही. फुलं उचलली तर रंगात त्यांचे ठसे. मुंग्यांची रांग लागली ती वेगळीच.

आणि बाबा हसले! खोकला येईपर्यंत. "राह्यू दे तसंच. एटापल्लीवाल्यायले आपल्यातली वाटन गाडी."

हसता हसता बॉनेटला हात टेकला त्यांनी. लगेच काढला. मी पाहिलं.

९ एप्रिल, गुरुवार

ठसे घासले. पुन्हा रंग. गाडीभोवती दोरी बांधून आईला तिच्या पलीकडे थांबवलं.

११ एप्रिल, शनिवार

गाडी तयार. डावं दार कुठे गंजलं होतं ते मलाही सापडत नाही. पण आनंद नाही.

बॅग भरायला घेतली तर बाबा दारात. "मी नाई म्हटलो ना. तिथं दुसऱ्याले पाठवा म्हणून सांग." माझा तोल गेला. ओरडले – "तुम्ही भिता म्हणून मीपण इथेच कुजू का?"

ते वळून ओसरीवर गेले. जेवायलाही आले नाहीत.

असं बोलायला नको होतं. खरं होतं म्हणूनच नको होतं. हात गाडीवर इतका जपून चालवला, आणि जीभ? आई म्हणाली, "त्याले बोलून का भेटलं तुले?" काहीच नाही. फार वाईट वाटतंय. तरी सोमवारी मी जाणारच.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी उठले तर डाव्या दारावर हातभर लांब ओरखडा! फाटकाच्या बांबूचा. माझ्या नव्या रंगावर, अगदी पत्र्यापर्यंत! ओरडणारच होते. मग दार उघडलं. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली. चालवताना मी खाली घेते ती उशी मागच्या सीटवर. बॉनेट गरम.

बाबा ओसरीवर चहा घेत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच रोडनं आष्टीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. येतानी पत्रूच्या घरी थांबलो. क्लच थोडा जड आहे. उद्या तू चालव, मी बाजूले बसतो. वापस एटापल्लीवरून बसनं येईन."

उरलेल्या रंगाची डबी नूरुद्दीनचाचांना परत देऊन आले. ओरखडा राहू दे.