चिठ्ठीची मागची बाजू

प्रिय ठोंब्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते आधी टेबलावर तसंच टाकलं असशील, दुरुस्तीच्या दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वाटेला लावली असशील, आणि मगच फोडलं असशील. चालेल. आठ महिने मी तुझा फोन उचलला नाही, तेव्हा अर्धा तास मला ताटकळत ठेवायचा तुला हक्क आहे.

तो दिवस मला रोज आठवतो. तुझे भावोजी जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या लॅपटॉपवर मी मुद्रितं तपासायचे. तो इतका थकला होता की सुरू करून बादलीभर कपडे वाळत घालून यावं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच. तू हत्यारांची पिशवी घेऊन आलास, त्याला उलटासुलटा केलास आणि म्हणालास, “ताई, विंडोजची नवी आवृत्ती या म्हाताऱ्याला पेलायची नाही. त्याऐवजी लिनक्स टाकू, बघ कसा पळतो ते.” मी विचारलं, आतलं सगळं? तू “पुसायचं झालं तर” एवढंच म्हणालास आणि माझा तोल गेला. माणूस गेला तो गेला, आता त्याच्या खुणाही पुसायला निघालास, तुला काय, तुझं दुकान चाललं पाहिजे... काय काय बोलले मी. तू खाली मान घालून पिशवीची चेन लावत होतास. ती अडकली होती आणि लागत नव्हती, तेही मला दिसत होतं. तरी मी थांबले नाही. जाताना तू दारात उभ्याने काहीतरी खरडलंस आणि चपलांच्या फळीवर एक पेनड्राइव्ह ठेवलास, खाली चिठ्ठी. मी दोन्ही उचलून सुईदोऱ्याच्या डब्यात टाकले.

गेल्या महिन्यात प्रकाशनातल्या आमच्या बाईंनी फोन करून सुनावलं, “या मशीनवरच्या विंडोजला आता सुधारणा मिळत नाहीत, त्यावरून फाइली पाठवायच्या नाहीत. लॅपटॉप संग्रहालयात द्या, नाहीतर तुम्हीही तिकडेच जा!” बाई गमतीने बोलल्या, पण काम जायची वेळ आली होती. मी डबा उघडला. तुझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘पेनड्राइव्ह लाव. सुरू करताना एफ-१२ ही कळ दाब. आधी नुसतं चालवून बघ. आतलं काहीही पुसलं जाणार नाही.’

ठोंब्या, मी हात जोडूनच ती कळ दाबली. आणि चहाला उकळी फुटायच्या आत समोर एक स्वच्छ, हिरवट पडदा! मला वाटलं होतं काळ्या पाटीवर मंत्र लिहायला लागतील. इथे तर खालच्या कोपऱ्यात नेहमीसारखी यादी, फाइली नेहमीसारख्या, मराठी कळफलकही सापडला. प्रिंटर, ज्याला तुझे भावोजी थापट्या मारून जागा करायचे, तो या नवख्याने न विचारता ओळखला. तपासायला आलेल्या पाठ्यपुस्तकातला एक तक्ता थोडा सरकला, हे खरं. त्याबद्दल मी इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या मंडळावर विचारलं, तर कुठल्याशा अनोळखी माणसाने पायरीपायरीने उत्तर लिहून पाठवलं. ‘एवढंही कळत नाही?’ असा सूर नाही की फीचं नाव नाही. जगभरची माणसं आपला वेळ मोडून हे घडवतात आणि कुणालाही वापरायला देतात, हे वाचून मला उगाच गहिवरून आलं. तू वर्षानुवर्षं हेच सांगायचास, आणि मी म्हणायचे, फुकट ते फुसकं.

मग त्याच पडद्यावरून मी भावोजींचा कप्पा उघडला. सगळं जागच्या जागी. त्यांना नावं द्यायचा कंटाळा, म्हणून ‘नवीन फोल्डर’पासून ‘नवीन फोल्डर १७’पर्यंत रांग. आधी एक फोटो उघडेपर्यंत माझा धीर सुटायचा. आता भराभर उघडत गेले, आणि अकराव्यात आपण दोघं सापडलो. जिन्याच्या वळणावर सोफा अडकलाय, एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, दोघांचीही तोंडं ओरडताना वासलेली. त्यांनी आयुष्यात एकाच फोटोला नाव दिलं असेल, ते याला: ‘भांडखोर’. किती वेळ हसत होते मी. हसता हसता काय झालं ते तुला ठाऊकच आहे.

त्याच दिवशी मी त्याच पडद्यावर तुला पत्र लिहिलं. चार पानं. त्यात माफी अर्धं पान आणि बाकी तुझ्या चुका, अगदी तू शाळेत माझी सायकल पाडलीस तिथपासून. नीट जपून ठेवलं, मशीन बंद केलं. सकाळी बघते तर पत्र नाही! फोटो होता, कप्पा होता, फोल्डर होते, फक्त माझं पत्र नाही. घाबरून चिठ्ठी पुन्हा काढली, आणि या खेपेला उलटली. मागे तुझ्या किरट्या अक्षरात होतं: ‘नुसतं चालवून बघताना यात ठेवलेलं टिकत नाही, जपायचं ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेव. आणि ताई, पुसायचं नव्हतंच. दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात. तेच सांगायला आलो होतो.’

दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी मी, आठ महिने चिठ्ठीची मागची बाजू वाचली नाही. ते चार पानी पत्र गेलं, ते बरंच झालं.

हे पत्र मात्र दुसऱ्या पेनड्राइव्हवर जपून ठेवलंय, छापूनही काढलंय. फोन केला नाही, कारण दुसऱ्या वाक्याला आपण सोफा धरून उभे राहिलो असतो. भावोजींच्या सगळ्याची एक प्रतही काढून ठेवलीय. काल मी लिनक्स कायमचं बसवायला घेतलं. त्याने विचारलं: सगळं पुसून बसवू, की आहे त्याच्या शेजारी? मला कुठला पर्याय निवडायचा ते पक्कं माहीत होतं. तरी बोट पुढे होईना. तेव्हा कळलं की ते बटण मला एकटीने दाबायचं नाहीये. रविवारी ये. तीच पिशवी आण, तिची चेन मी दुरुस्त करून देईन. तू शेजारी बसलास की मी ‘शेजारी’वर बोट ठेवीन.

तुझीच,
आठ महिने चुकलेली, तरीही थोरलीच,
ताई