मस्टँग की कॅमेरो

६ मार्च २०२१, शनिवार

झालं, बसले! आमटी गार होतेय आणि सिद्धार्थ लॅपटॉपसमोर हातवारे करतोय — "मस्टँग ती मस्टँग!" तिकडे पुण्याहून त्याचा धाकटा भाऊ प्रताप — "दादा, कॅमेरोपुढे तुझी मस्टँग म्हणजे पत्र्याचं टमरेल." दोघांचं वय मिळून नव्वद होईल. अक्कल मिळून किती, ते विचारू नये.

गाड्या दोन्ही अमेरिकेतल्या, १९६९च्या. तेव्हा हे दोघे जन्मालाही आले नव्हते. आज एक इथे न्यूनेन या डच गावात सायकल मारतो, दुसरा कर्वेनगरात स्कूटर. यांतली एकही गाडी दोघांनी कधी चालवलेली नाही. पण बोलायचं असं, की कारखाना यांच्या तीर्थरूपांचा!

१४ मार्च

संचारबंदी, घरून काम, जाणार कुठे? म्हणून आज मूर्खासारखं विचारलं — फरक काय रे दोघींत? जेवण होईपर्यंत सुटका नाही.

तर ऐक, बाई डायरी. इंजिन दोघींचं तीनशे दोन घनइंची. म्हणजे पाच लिटरला थोडं कमी. ताकद कागदावर दोघींची दोनशे नव्वद हॉर्सपॉवर. दोन्ही एकाच शर्यतीच्या नियमात बसाव्यात म्हणून काढलेल्या. मग भांडण कशाचं? म्हणे मस्टँग वळणावर रस्ता सोडत नाही. आणि कॅमेरो? "ती नुसती धापा टाकते." प्रतापला विचारलं असतं तर उलटं सांगितलं असतं. मला विचाराल तर एकीचे पट्टे बॉनेटवर आणि दुसरीचे अंगावर. एवढ्यासाठी माझे शनिवार जातात.

मूळ काय, तर यांच्या लहानपणी मामांनी अमेरिकेहून एक मासिक आणलं होतं, त्यात या दोघींची तुलना. दोघांत एकच मासिक, म्हणून फाडलं. थोरल्याने आधी निवडली मस्टँग, धाकट्याच्या वाट्याला उरली ती कॅमेरो. निकालाचं पान ओढाताणीत गेलं. म्हणजे कॅमेरो याने निवडलीसुद्धा नव्हती! आणि तिच्यासाठी हा पस्तीस वर्षं जीव तोडून भांडतोय.

२७ मार्च

शेजारच्या हेंककाकांच्या गॅरेजमध्ये खरीखुरी मस्टँग निघाली. सिद्धार्थ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. देवळात कधी एवढा नटून गेला नाही. हेंककाका दीड मीटरवर उभे, हा आत, आणि व्हिडिओ मी काढायचा. गुडघा स्टिअरिंगला आपटला, तेवढं प्रतापला पाठवताना कापलं.

प्रतापचं उत्तर — "सोफा छान आहे, दादा. गाडी कधी दाखवतोस?"

१७ एप्रिल

प्रतापला कोविड. अमृताने, माझ्या जावेने, दिवसभर फोन फिरवले तेव्हा बेड मिळाला. ऑक्सिजन लावलाय.

संध्याकाळी तिने फोन त्याच्या तोंडाशी धरला. सख्खा भाऊ काय म्हणाला असेल? जेवलास का, झोप लागते का? छे! म्हणाला, "काय रे, कॅमेरोसारखा धापा टाकतोयस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडून एकेक शब्द सुटा — "कॅमेरो... धापा... टाकत... नाही."

फोन ठेवल्यावर मी सुनावलं. हा शांतपणे कप विसळत म्हणाला, "भांडतोय ना? मग ठीक आहे तो." दगड आहे, दगड! याच्याशी वीस वर्षं संसार केला मी.

२० एप्रिल

पुन्हा तेच. आज विषय ब्रेक. धन्य.

२४ एप्रिल

राहवेना. सिद्धार्थ मीटिंगमध्ये असताना बागेत जाऊन मीच फोन लावला. म्हटलं, "भाऊजी, बोलताना दम लागतो तुम्हाला. एकदा मस्टँग भारी म्हणा आणि मिटवा की."

मास्कच्या आत हसल्यासारखा आवाज आला. "वहिनी... मेलो तरी... नाही."

सिद्धार्थला सांगितलं तर माझ्यावरच डाफरला. "त्याला हो म्हणायला लावायला कुणी सांगितलं तुला? भांडू दे त्याला!" घ्या! चांगलं करायला जावं तर हे. एका माळेचे मणी दोघेही.

२७ एप्रिल

इथल्या राजाचा वाढदिवस. गल्लीभर केशरी पताका, आणि कालपासून भारतातून येणारी विमानं बंद. मी विचारलं, जातोस का पुण्याला? जाता येईल, परतायचं कधी ते माहीत नाही. तो खिडकीतून पताका बघत म्हणाला, "भांडतोय तोवर नको."

या वाक्याची चीड येते मला. भाऊ आहे की थर्मामीटर?

१ मे, शनिवार

मस्टँग जिंकली. प्रताप म्हणाला, "दादा, तुझीच भारी." एवढंच.

सिद्धार्थच्या हातून फोन मी घेतला. म्हटलं, "भाऊजी, काहीतरीच काय? कॅमेरोच भारी. वळणावर, इंजिनात, सगळ्यात. हो कसलं म्हणता? भांडा ना."