अळणी इनचार्ज

६ जुलै, रविवार. एकादशी.
आज सकाळी आंघोळ करून देवापुढं पळीभर पाणी सोडलं. चातुर्मासात मीठ जिभेला लावणार नाही. लोक वांगी सोडतात, कांदा सोडतात. ते सोपं आहे. कारखान्याचे काबरा साहेब दिवाळीला मला नाहीतर बॉयलरवाल्या बद्रीनाथला 'वॉटर इनचार्ज' करणार आहेत. त्याचा या व्रताशी संबंध नाही. मिळालं तर देवाची इच्छा.
उषा म्हणाली, "आहो, मीठ नका सोडू, तुम्हाला चक्कर येती." तिला व्रतातलं कळत नाही.

७ जुलै, सोमवार.
अडचण आली. नीट मांडून बघतो, म्हणजे तोडगा सापडेल.
आमचा सरकीच्या तेलाचा कारखाना. बोअरचं पाणी जड, त्यातला चुना बॉयलरमध्ये बसतो. म्हणून ते आधी माझ्या टाकीतून जातं. टाकीत रेझिनचे बारीक मणी आहेत, ते चुना धरतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे, मग साध्या पाण्यानं मीठ काढून टाकायचं. मीठ गेलं की नाही हे मी चाखून ओळखतो. पाणी गोड लागलं की बॉयलरकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. अकरा वर्षं असंच चाललंय. साहेबांनी पेनासारखं मीटर दिलंय, पण ते आकडा दाखवतं, चव दाखवत नाही. कपाटात आहे. सेल संपलेत.
आता चाखायचं कसं? थुंकलं तरी जिभेला लागतंच.
तोडगा सापडला नाही. झोपतो.

९ जुलै, बुधवार.
सापडला. बद्रीनाथ चाखेल. त्याला बोलावलं. त्यानं तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारली, घोट घेतला अन् म्हणाला, "गोड हाय म्हाराज, सोडा." सोडलं.

१५ जुलै, मंगळवार.
उत्तम चाललंय. मला अर्धा तास लागायचा, बद्रीनाथला दोन मिनिटांत गोड लागतं. त्याची जीभ जलद आहे, मान्य. पण इनचार्जला नुसती जीभ लागत नाही.

२४ जुलै, गुरुवार.
बॉयलरच्या पाणी दाखवणाऱ्या काचेत फेस. पाणी नाचत होतं. वाफेबरोबर खारं पाणी तेलात गेलं, अख्खा घाणा खराब. साहेबांनी विचारलं, चाखलं कुणी? बद्रीनाथ म्हणाला, "साहेब, म्या वाफेचा माणूस. चाखायला हा काय ढाबा हाय का?" त्याचं असं तोंड फिरवणं मला पटलं नाही.
माझं मत: या वेळी मीठच जास्त खारट आलंय.
संकल्प: मीटरला सेल टाकायचे. उद्या.

२५ जुलै, शुक्रवार.
आज श्रावण लागला. सेलचं राहिलं. तोवर पाणी अंदाजानं सोडतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी.
राजूरला गेलो. तीन तास रांग. गणपतीपुढं उभा राहिलो, मागायचं काही आठवलं नाही. बाहेर एका पुजाऱ्यांना अडचण सांगितली. बॉयलरचं त्यांना समजलं नाही. म्हणाले, "आहो, सैंधव चालतं की उपासाला. बिलकुल चालतं."
बसमध्ये डोक्यात उजेड पडला. मणीच सैंधवानं धुवायचे! मग चाखायला मोकळा.

१४ ऑगस्ट, गुरुवार.
पाच किलो सैंधव कुटून टाकीत टाकलं. एरवी पन्नास किलोची गोणी लागते, पण सैंधव शुद्ध, थोड्यात भागतं. दोन मिनिटांत पाणी गोड! इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.
बद्रीनाथ म्हणाला, "काय म्हाराज, बॉयलरला पन उपास धरायला लावला का?" हसण्यावारी नेलं. मोठ्या पदावर जाणाऱ्याला हे सोसावं लागतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
आता उषाची अळणी आमटी चवदार लागते. जीभ इतकी तयार झाली की डाळीतलं मूळचं मीठ कळतं. हे व्रताचं फळ. साहेबांना योग्य वेळी सांगायचं.

११ सप्टेंबर, गुरुवार.
आठवडाभर वाफ चढत नव्हती. बॉयलर थंड करून उघडला. नळ्यांवर चुन्याचा पांढरा थर. साहेबांनी नख लावून बघितलं, निघेना. कारखाना बंद. सगळे लिंबाखाली बसून होते. मीपण बसलो. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. तहान लागली होती, एवढंच.
साहेब म्हणाले, "मिठाच्या गोण्या जशाच्या तशा कशा?" मी म्हणालो, बचत.
त्यांनी उठून गोण्या पुन्हा मोजल्या. बहुतेक विचार करत असावेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.
जेवताना उषाला म्हणालो, चूक रेझिनची असेल, माझ्या जिभेची नाही. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "श्रावणापासून आमटीत मीठ टाकून राह्यले मी. तुम्ही न्हाणीत चक्कर येऊन पडल्ता ना, त्या दिवसापासून."
पडलो नव्हतो. बसलो होतो.
मग म्हणाली, "मला वाटलं, कळलं असंल तुम्हाला. तुम्ही गप खाऊन राह्यले."
जेवण पूर्ण केलं. मला माहीत नव्हतं, म्हणजे व्रत मोडलं नाही. पण मग जीभ...
आज एवढंच.

२२ सप्टेंबर, सोमवार.
नवी टाकी आली. तिचं ती धुते, तिचं ती मोजते. हिरवा दिवा लागतो. बद्रीनाथ बटण दाबतो. जुन्या टाकीचं काय, विचारलं. साहेब म्हणाले, "राहू द्या." म्हणजे स्टँडबाय माझ्याकडे. रोज धुऊन तयार ठेवायची. दोन्ही टाक्यांवर नजर ठेवणं, हे इनचार्जचंच काम झालं. पाटी तेवढी राहिली.

६ ऑक्टोबर, सोमवार.
बरेच दिवस ठरवत होतो, ते आज केलं. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. बसा म्हणाले नाहीत. म्हणालो, साहेब, मला पाण्यावरून काढा. इनचार्ज बद्रीनाथला करा. मी माझ्या मनानं बाजूला होतोय.
साहेब मोबाइलमध्ये बघत होते. म्हणाले, "अहो, जुनी टाकी तर नवी बसली त्याच दिवशी लाइनीतून काढली. तुमचं पाणी बागेत जातंय. ती जास्वंद कशानं वाळली वाटतं तुम्हाला?" मग मोबाइल खाली ठेवून विचारलं, "पण तुम्ही रोज तिथं काय करून राह्यलात?"
म्हणालो, चाखत होतो.
बाहेर आलो. बद्रीनाथ बॉयलरपाशी होता. टाकीघराची किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं ती न बघताच खिशात टाकली.