पोळ्याच्या दिवशी न जुंपलेली जीप

बा, तुमची गाडी सुरू झाली. आता हँडल मारावं लागत न्हाई, चावी फिरवली की उठते. तुमी जाऊन इतकी वर्षं झाली अन् मी आत्ता लिहायला बसले, कारण घरात बोलायची सोय उरली न्हाई. निम्मे माझ्यावर चिडलेत, निम्मे हसून राहिले, अन् मला दोन्हीचा कंटाळा आलाय. तुमी निदान मधी तोंड घालणार न्हाई.

तुमच्या मागं तुमच्या जावयानं, माझ्या नवऱ्यानं, थोडे दिवस ती सवाऱ्या भरून चालवली. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली, तुमचाच रस्ता. पण नव्या गाड्या आल्या, गादीच्या सीटा आल्या, लोक आपल्या गाडीकडं बघून तोंड वाकडं करायचे. मग ती लिंबाखाली लावली ती लावलीच. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. खालचा पत्रा सडला अन् त्यातून एक बाभळ वर आली, बरोबर तुमच्या सीटच्या जागी. मी कधी तिकडं प्रेमानं बघितलं असेल असं समजू नका. अंडी काढायला वाकले की पत्रा लागायचा अन् मी तुमच्या गाडीला शिव्या द्यायची.

मग एक दिवस भंगारवाला आला. तुमच्या जावयानं बोलावला होता. मी शेतातून आले तर तो काटा लावून बसलाय अन् म्हणतोय, "किलोवर देतो, लाकूड काढून." लाकूड म्हणजे मागची फळी, जिच्यावर तुमी अर्धा तालुका बसवला. त्यानं बॉनेटवर हातोडा मारला, पत्रा किती जाड हाय बघायला. तो आवाज ऐकला अन् माझं डोकं फिरलं. मी विळा हातात घेऊनच गेले. "काहून मारून राहिला रे? तुझ्या बापाची हाय का?" तो काटा तिथंच टाकून पळाला, दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून नेला. लोक म्हणतात बापाच्या मायेनं गाडी नीट केली. कशाची माया? रागानं केली. ज्या गाडीत बसायला लोक भांडायचे तिला किलोवर तोलतो म्हणजे काय.

हळद विकली होती. त्यावर घराचा स्लॅब ठरला होता. पत्रे गळून राहिले, तुमच्या वेळचेच हायेत. मी ते पैसे उचलले अन् गाडी ट्रकवर घालून नांदेडला एका मिस्त्रीकडं नेली, जो जुन्या जीपाच नीट करतो. त्याच्या शेडात तसल्या कितीतरी उभ्या होत्या, काही नवरीसारख्या, काही मढ्यासारख्या. आपली दुसऱ्यात. मी म्हणलं, "पहिल्यासारखी करा." तो म्हणला, "ताई, पहिल्यासारखी म्हणजे कोणत्या सालातली?" मला काय माहीत कोणत्या सालातली. मी म्हणलं, "चालती."

तुमाला आठवतं का, मी चौथीत असताना एका दुपारी तुमी झोपला होता अन् मी गाडी धुवायला घेतली. भांडी घासायची तशी. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली अन् बॉनेट असं घासलं की हिरवा रंग जाऊन खालचं लोखंड चकाकायला लागलं. मला वाटलं तुमी खूश होणार. तुमी उठून आलात, बघितलं, अन् अशी एक ठेवून दिली की कान दिवसभर वाजत होता. "भांडं हाय का ते? रंग म्हणजे तिची कातडी हाय, पोरी!" मग रात्री जेवताना तुमालाच हसू आलं अन् याडीला, माझ्या आईला, म्हणलात, "लख्ख घासली मात्र." तर बा, त्या मिस्त्रीनं सगळ्यात आधी काय केलं असेल? तिचा सगळा रंग खरवडून काढला. सगळा. मशीन लावून, चार दिवस. अन् त्याचे वेगळे पैसे लावले. ज्या कामाचा मी मार खाल्ला, त्याच कामाचं बिल मी भरलं.

ती घरी आली तेव्हा आपला सगळा बंजारा तांडा गोळा झाला. हिरवीगार, वर नवं कापडी हूड, काचा अशा की बायका त्यात टिकल्या नीट करून राहिल्या. तुमचा जावई तिच्याभोवती फिरला. मग हूडाला हात लावून म्हणला, "चला, बरं झालं. पाऊस आला की आपण सगळे हिच्यात झोपू. हिला छप्पर हाय, आपल्याला न्हाई." सगळे हसले. मीपण हसले असते, पण त्याच्यासमोर न्हाई हसायचं ठरवलं होतं. त्याचा राग मला कळतो. तुमी त्याला क्लीनर म्हणून घेतला अन् मग घरजावई केला. पण गाडीत त्याला कधी बसायला दिलं? आयुष्यभर तो मागच्या पायरीवर लटकून "सेनगाव, सेनगाव" ओरडला. त्याच्या घराचा स्लॅब त्या गाडीनं खाल्ला.

अन् पोळ्याला पुण्याहून एक माणूस आला, गाडी विकत मागायला. मिस्त्रीनंच त्याला आपला पत्ता दिला होता. भला माणूस होता, खोटं कशाला बोलू. पायात मोठे बूट, डोक्यावर टोपी, "ताई, ताई" करत होता. गाडीखाली पाठ टेकून घुसला, कपड्याची पर्वा न्हाई. बाहेर येऊन म्हणला, "अशी आता मिळत नाही." मी म्हणलं, "हिच्यात जुनं काय हाय? इंजिन दुसऱ्याचं, पत्रा नवा, सीट नव्या. चासी तेवढी बापाची अन् स्टेरिंग." तो म्हणला, "चासी आहे ना, मग गाडी तीच." मी विचारलं, एवढी घेऊन करता काय? तर म्हणला, आम्ही मित्र-मित्र सुट्टीला डोंगरात नेतो, चिखलात घालतो.

"चिखलात? मुद्दाम?"

"हो ताई, त्यातच तर मजा आहे."

"आमाला पहिल्यांदा रस्ता झाला तेव्हा मजा आली होती," मी म्हणलं. तो मनापासून हसला. मग त्यानं भाव सांगितला. मी लावले त्याच्या दीडपट. तुमच्या जावयाच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला अन् त्यानं तो उचलला न्हाई. त्यात स्लॅब होत होता, वर एक खोली चढत होती, वर काही उरत होतं. कालपर्यंत हसणारे सगळे एकदम शहाणे झाले. "दे ना बाई, सोनं झालं तुझ्या लोखंडाचं." फक्त एक बाकी होतं. तो म्हणला, "एकदा स्टार्ट करून दाखवा, आवाज ऐकतो अन् लगेच व्यवहार करू. मला पुढं अजून एक गाडी बघायची आहे."

मी म्हणलं, "आज न्हाई. आज पोळा हाय. आज जुंपत न्हाईत."

तो इकडंतिकडं बघायला लागला, कुणी मस्करी करतंय का म्हणून. "पण ही जीप आहे ना?"

"आमच्यात ती बैल हाय."

तुमी बैलजोडी विकून ही गाडी घेतली तेव्हा लोक तुमाला हसले होते, आपले वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे अन् हा बैल विकून आला म्हणून. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळे आपापल्या बैलांचे खांदे शेकत होते, तेव्हा तुमी वाटीत तूप-हळद घेऊन आलात अन् गाडीच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांना चोळायला बसलात. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मला लाज वाटली होती, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी बॉनेटवर ठेवली अन् ती कुत्र्यानं नेली. दर साली तेच. अन् पोळ्याला गाडी बंद. सरपंच आला तरी बंद. एकदा याडीच्या पोटात असं दुखायला लागलं की ती जमिनीवर लोळत होती. सगळे म्हणले, आता तरी चालू कर. तुमी तिला उचलून पुढं बसवलं, ब्रेक सोडला, अन् हँडल न मारता आपल्या उतारावरून गाडी तशीच सोडली, पार खाली डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून तिला येष्टीत घातलं. याडी नंतर सांगायची, दुखण्यापेक्षा त्या उताराचंच भ्या जास्त वाटलं. अन् तुमी म्हणायचे, "इंजिन चालू केलं न्हाई, म्हणजे जुंपली न्हाई."

यंदा मीपण आदल्या दिवशी वाटी घेऊन उभी राहिले. मिस्त्रीनं बजावलं होतं, रंगाला तेल-तूप लावू नका, डाग पडतात. मी हात वर धरून तशीच थांबले. तुमचा जावई ओट्यावरून बघत होता. म्हणला, "लाव की. हळदीचीच तर झालीया ती." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, याचा राग उतरून राहिला.

म्हणून पोळ्याला तो माझ्याच बाजूनं बोलेल असं वाटलं होतं. पण तो म्हणला, "अगं, मानूस पुण्याहून आलाय. एकदा फिरव चावी. बैल असता तर त्यानंपण एकदा शेपूट हलवली असती." मला तुमचा उतार आठवला. गाडी उतारावर सोडता आली असती. पण त्या माणसाला आवाज ऐकायचा होता, आवाज उताराला कुठून येणार. मी म्हणलं, "उद्या या." तो म्हणला, "उद्या जमणार नाही ताई, फोन करतो." नंबर घेतला, पुरणपोळी खाल्ली, दोन खाल्ल्या, अन् गेला. त्याची धूळ खाली बसली. मग तांड्यानं मला काय काय ऐकवलं ते लिहीत न्हाई. तुमचा जावई जेवला न्हाई. पोळ्याच्या दिवशी उपाशी. बैलसुद्धा त्या दिवशी उपाशी राहत न्हाईत.

अन् बा, मी तुमच्या नावावर ते केलं, तुमची रीत म्हणून केलं, असं सगळ्यांना वाटतं. तसं न्हवतं. चावी माझ्या पदराला बांधलेली होती अन् मला भीती वाटून राहिली होती की आवाज चांगला निघाला तर गाडी गेली. पोळा मला वेळेवर सापडला. दुसरा कोणता दिवस असता तर मी दुसरं काहीतरी सांगितलं असतं, तेल न्हाई म्हणून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी, करीला, हळदीत निंदायला बायका न्यायच्या होत्या. साखरा गावाच्या बाजूचं आपलं ते खालचं रान, चालत जायचं तर ऊन डोक्यावर येतं. मी तुमच्या जावयाकडं चावी टाकली. म्हणलं, "चल. आज लटकायचं न्हाई, बसायचं." तो माझ्याकडं बघतच राहिला. मग उठला, तोंड धुतलं, केस विंचरले. आता तुमीच सांगा, हळदीच्या रानात जायला कुणी केस विंचरतं का? तो तुमच्या जागी बसला, चावी फिरवली अन् ती पहिल्याच झटक्यात उठली. बायका अशा घुसल्या की मी पुढं बसले तर माझ्या मांडीवर अजून एक, अन् तो निम्मा दाराबाहेर. तुमच्यासारखाच. गिअरच्या दांडीवर शेजारणीचा गुडघा. "वहिनी, गुडघा काढा, दुसरा टाकायचाय." इतक्या वर्षांत मी त्याला तुमच्यासारखं बोलताना ऐकलं न्हवतं.

निम्म्या रस्त्यात फोन वाजला. पुण्याचा माणूस. "ताई, आज तरी ऐकवता का आवाज?" मी फोन खिडकीतून बॉनेटकडं धरला. नीट ऐकू दिला, चढावर, दुसऱ्या गिअरमधी, मागं सगळ्या बायका ओरडताहेत. मग फोन कानाला लावला. तो म्हणत होता, "छान आहे, फार छान आहे." मी म्हणलं, "व्हय, छान हाय. अन् विकायची न्हाई." तो म्हणला, "मला कालच वाटलं होतं." मी तुमच्या जावयाकडं बघितलं न्हाई. स्लॅब त्याचा होता. त्यानं तिसरा टाकला अन् म्हणला, "पुढच्या सालच्या हळदीवर मात्र हात ठेवायचा न्हाई." मी म्हणलं, "न्हाई ठेवत." एवढंच झालं आमचं भांडण.

तर ती एवढ्या पैशाची हाय का? न्हाई. सरळ सांगते, न्हाई. तेल पिते, हूडाच्या शिवणीतून पाणी येतं, ब्रेक दाबला की दोन घरं पुढं जाऊन थांबते. ज्यांना डोंगरात चिखल शोधायचाय त्यांनी तेवढे पैसे द्यावे, त्यांची हौस त्यांना लखलाभ. माझ्यासारखीनं देऊ नयेत अन् मी दिले. पण बैलाची किंमत बाजारात एक असते अन् दारात एक, हे तुमी म्हणला असता. आता मी म्हणते. रानात पोचलो तर बायका खाली उतरून कंबर धरून उभ्या. एक म्हातारी म्हणली, "एवढी हळद घातली अन् गाडीनं कंबर मोडली. चालत आलो असतो तर बरं झालं असतं." खरंय तिचं. तुमच्या गाडीत बसलं की हाडं खिळखिळी व्हायची, हे मी साफ विसरले होते. अजून पाठ दुखून राहिली, अन् मी ओट्यावर पालथी पडून लिहितेय.

हे पाठवायचं न्हाई. पाठवून तरी काय? तुमाला आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायची, तुमी डोळे मिटून ऐकायचे अन् मधीच म्हणायचे, "आकडा काय लिहिलाय ते आधी सांग." म्हणून आकडा मी कुठं घातलाच न्हाई. सगळ्या तांड्याला माहीत हाय, नवऱ्याला माहीत हाय, कुणाला भ्याले न्हाई. पण तुमी समोर असता अन् विचारलं असतं, तर मी निम्माच सांगितला असता.